गाडी तुनी का कंपनीनी?

केळीच्या घडाला घालायची प्लास्टिकची पिशवी असते. आमच्याकडे तिला सगळे स्कर्टिंग बॅगच म्हणतात. घडावर डाग पडू नयेत, धूळ-किडे बसू नयेत म्हणून ती घालायची. गेल्या एप्रिलमध्ये ब्राह्मणपुरीत, आमच्या खळ्यात, तशा चार पिशव्या फाडून, चिकटपट्टीने एकमेकींना जोडून एका स्पोर्ट्स कारच्या दाराला लावल्या होत्या. आभाळ भरून आलं होतं. अवकाळी कधीही कोसळेल अशी स्थिती, आणि गाडीची डाव्या बाजूची काच दाराच्या पोटात जाऊन बसलेली.

गाडी पुतण्याची. पोरगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पाच-सहा वर्षं पगार साठवून त्याने ही सेकंडहँड गाडी घेतली. दोन दारांची, इतकी बुटकी की गावात शिरताना प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिरकी करून घ्यावी लागली. बहिणीच्या हळदीला तो ती मुद्दाम घेऊन आला होता. नवरीला मांडवापर्यंत त्याच गाडीतून न्यायचं असं भावंडांचं ठरलेलं. गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात, आणि मला कोणालाच सोडायचं नाही.

काच गेल्यावर त्याने पहिलं काम केलं ते तुम्ही-मी सगळे करतो तेच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन. पलीकडचा आवाज अतिशय गोड. ‘सर, प्लीज काही उघडू नका. वॉरंटीचा प्रश्न येईल.’ गाडी आठ वर्षं जुनी, वॉरंटी संपून जमाना झालेला, पण भीती घालायला ती अजून शिल्लक होती. फोटो, व्हिडिओ पाठवल्यावर संध्याकाळी इस्टिमेट आलं. दाराचं मोड्यूल पूर्ण बदलावं लागेल, भाग परदेशातून येईल, पाच-सहा आठवडे लागतील, कोडिंगचे वेगळे, गाडी फ्लॅटबेडवरून आणण्याचे वेगळे. एकूण आकडा एक लाखाच्या वर. आमच्या भावाने तो ऐकला आणि म्हणाला, ‘एवढ्यात माझी ड्रिप बदलून होते.’

मग शहाद्याहून उस्ताद आला.

उस्ताद म्हणजे ट्रॅक्टर, पिकअप, जीप, रिक्षा, पाण्याची मोटर, जे फिरतं ते सगळं दुरुस्त करणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत. मोटरसायकलच्या डिकीत एक टेस्टिंग लॅम्प, दोन-चार पाने, आणि सायकलच्या मडगार्डची पट्टी घासून केलेली एक चपटी सळई. डोअर पॅड न मोडता काढायला तिच्याइतकं चांगलं हत्यार नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने असली गाडी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. आल्या आल्या त्याने दाराला हातसुद्धा लावला नाही. पुतण्याला आत बसवलं, बटन दाबायला सांगितलं आणि दाराला कान लावला.

‘आयक. रडी राह्यनी का मरी गयी?’

रडतेय की मेली. मी बारावीला फिजिक्स शिकवतो. डीसी मोटर, फ्लेमिंगचा नियम, ध्रुव उलटे केले की फिरण्याची दिशा उलटते, हे सगळं वीस वर्षं फळ्यावर काढलंय. पण मोटरला कान लावून ‘रडतेय की मेली’ असा प्रश्न मला कधी सुचला नाही. आणि खरं तर सगळी चिकित्सा त्या एका प्रश्नात आहे.

पाहा. पॉवर विंडो ही काही जादू नाही. दारात एक छोटी मोटर असते. ती एक यंत्रणा फिरवते. गॅरेजवाले तिला ‘काच मशीन’ म्हणतात, कंपनी ‘रेग्युलेटर’ म्हणते. जुन्या गाड्यांत ती कात्रीसारखी असायची, आता बहुतेक ठिकाणी बारीक पोलादी दोरी आणि तिच्यावर सरकणारा प्लास्टिकचा तुकडा असतो. तो तुकडा काच धरून ठेवतो. बटन दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज आला आणि काच हलली नाही, तर वीज पोचतेय, मोटर ठीक आहे, दोष पुढे आहे: दोरी तुटली किंवा तुकडा फुटला. आवाजच नाही, तर मागे जायचं. आधी फ्यूज. मग ड्रायव्हरच्या दारावरचं ते लॉकचं बटन, जे लेकरं खेळता खेळता दाबून ठेवतात आणि मोठी माणसं गॅरेज गाठतात. मग वायर. दार दिवसातून पन्नासदा उघडतं-मिटतं आणि दार नि खांबाच्या मधल्या रबरी नळीत वायरी तितक्याच वेळा वाकतात. वरून प्लास्टिक धड दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. एक परीक्षा तर कोणालाही घरी करता येते. रात्री गाडीतला दिवा लावायचा आणि काचेचं बटन दाबायचं. दिवा किंचित मंदावला तर मोटरपर्यंत करंट जातोय, ती कुठेतरी अडकलीय. दिवा ढिम्म राहिला तर बहुधा करंटच जात नाहीये. मोटर जुनी असेल आणि आतले ब्रश अडकले असतील, तर कोणी बटन दाबून धरावं आणि दुसऱ्याने दारावर मुठीने ठोकावं. पुष्कळदा ती एकदा तरी चालते, आणि निदान काच वर घेऊन घरी पोचता येतं.

आमच्या डाव्या दारातली मोटर रडत होती. उस्तादने पॅड काढलं, बॅटरीच्या उजेडात आत हात घातला आणि दोन मिनिटांत एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा बाहेर काढला. माझ्या अंगठ्याएवढा. मधोमध उकललेला. नंदुरबार जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. उन्हात उभ्या गाडीच्या दाराच्या आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. प्लास्टिक वाळतं, ठिसूळ होतं, एका दिवशी कट्‌ होतं. लाखभराचं दुखणं ते एवढंच.

उजव्या दाराचं वेगळंच नाटक होतं. ती काच वर जायची आणि टोकाला पोचता पोचता आपोआप खाली यायची. पुतण्याला वाटत होतं, सेन्सर गेला. उस्तादला वाटलं, धूळ. असल्या काचेला वर जाताना अडथळा लागला तर ती लेकराचा हात मध्ये आलाय असं समजून मागे फिरते. ही सोय चांगलीच आहे, तिच्याबद्दल पुढे बोलू. पण रबर बीडिंगमध्ये कापसाचं बोंड फुटल्यावर उडतं तसलं तंतुमय काहीबाही, कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची माती, असं सगळं बसून ते लाकडासारखं झालं होतं. काचेला रबराचाच अडथळा होत होता आणि गाडीला वाटत होतं, हात आलाय. ओल्या फडक्याने पुसलं, वाळवलं, सिलिकॉनचा स्प्रे मारला. काच सुरळीत. खर्च: स्प्रेचा.

डाव्या बाजूसाठी उस्ताद तुटका तुकडा घेऊन शहाद्याला गेला. तिथे उसाच्या चरकाचे नि पंपांचे बुश कातून देणारा लेथवाला आहे. त्याने नायलॉनच्या दांड्यातून तसाच तुकडा काढून दिला. एक नाही, दोन. ‘एक तुटना ते दुसरा ऱ्हावाले पाहिजे,’ असा लेथवाल्याचा हिशोब. दोघांची मजुरी धरून बाराशे रुपये. हळदीच्या आधी काच वर चढली. मांडवात टाळ्या पडल्या.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. खेड्यातल्या उस्तादने मोठ्या कंपनीची जिरवली, असल्या गोड बातम्या तुम्ही रोज फोनवर बघता, लाइक करता, पुढे सरकता. गोष्ट पुढेच आहे.

स्पोर्ट्स कारच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. काच थेट छताच्या रबरात जाऊन बसते. म्हणून तुम्ही दाराची कडी ओढली की काच आधी बोटभर खाली येते, मग दार उघडतं. दार लावलं की पुन्हा वर जाऊन रबरात घुसते. दिसायला फार देखणं. पण ही हालचाल नेमकी व्हायची तर काच कुठे संपते आणि कुठे सुरू होते हे गाडीतल्या छोट्या संगणकाला माहीत असावं लागतं. नवा तुकडा बसवल्यावर ते त्याला नव्याने शिकवावं लागतं. बऱ्याच गाड्यांत हे शिकवणं सोपं असतं: काच पूर्ण वर न्यायची आणि बटन काही सेकंद तसंच ओढून धरायचं. आम्ही ते करून पाहिलं. दहा वेळा. ह्या गाडीने ते मानलं नाही. तिच्या दाराच्या संगणकाने मधल्या काळात ‘बिघाड’ म्हणून नोंद करून ठेवली होती, आणि ती नोंद पुसायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं.

पुतण्याकडे ब्लूटूथचा स्कॅनर होता. तो खांद्यावर टाकून पोरगा खूप आत्मविश्वासाने बसला. इंजिनचे सगळे आकडे फोनवर दिसले. काचेबद्दल एक अक्षर नाही. त्याचं कारण असं, की इंजिनच्या धुराशी संबंध असलेल्या बिघाडांचे कोड जगभर सारखे ठेवावेत, अशी सक्ती प्रदूषणाच्या कायद्यांनी केली. काच, सीट, कुलूप, दिवे यांच्यावर तशी सक्ती नाही. तिथे प्रत्येक कंपनीची आपापली भाषा आणि आपापली चावी.

म्हणजे बघा: काच धड, मोटर धड, दोरी धड, तुकडा मूळच्याहून मजबूत. बटन दाबलं की काच वर-खाली होते. पण कडी ओढल्यावर ती बोटभर खाली येत नाही, कारण तशी परवानगी नाही. दार उघडताना काचेची कड रबराला घासते. विसरून जोरात दार लावलं तर काचच फुटायची. दोष दुरुस्त झाला होता, फक्त त्याची नोंद तशीच राहिली होती. सात-बाऱ्यावर मेलेल्या आज्याचं नाव राहतं आणि जिवंत नातवाला कर्ज मिळत नाही, त्यातलाच प्रकार.

उस्तादने हात पुसले, गाडीकडे पाहिलं, मग पोराकडे.

‘गाडी तुनी शे का कंपनीनी?’

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुतण्याला देता आलं नाही. रात्री ओट्यावर बसलो असताना तो म्हणाला, ‘काका, मी ऑफिसात हेच लिहितो. पैसे भरले नसतील तर हे बटन दिसू नये, ते चालू होऊ नये. मला कधी वाटलं नाही की पलीकडे कोणीतरी बटन दाबत बसलेलं असतं.’

आता तुम्ही म्हणाल, आणि गावात म्हणालेच: स्पोर्ट्स कारवाल्याच्या काचेचं दुःख कसलं सांगता? केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आपला नंदुरबार. धडगाव-अक्कलकुव्यात बाळंतिणीला झोळीतून खाली आणावं लागतं, आणि तुम्ही बोटभर काचेवर लेख पाडता. मान्य. मलाही आधी लाज वाटली. पण मग खळ्यात स्पोर्ट्स कारच्या शेजारी उभा असलेला ट्रॅक्टर पाहिला. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना नवे उत्सर्जन-नियम लागू झाले. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण त्याबरोबर ह्या मोठ्या ट्रॅक्टरांत डिझेलचा थेंब न् थेंब मोजणारा संगणक आला. असा ट्रॅक्टर ऐन पेरणीत ‘बिघाड’ची नोंद करून बसला तर उस्ताद कान लावून काय ऐकणार? अमेरिकेत शेतकरी ह्याच कारणासाठी जॉन डिअरशी वर्षानुवर्षं भांडताहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने दुरुस्ती अडवून धरल्याच्या आरोपावरून त्या कंपनीविरुद्ध खटला भरला. श्रीमंताच्या गाडीत आज जे कुलूप येतं ते पाच वर्षांनी गरिबाच्या पंपात येतं. पॉवर विंडोचाच इतिहास बघा ना. १९४० च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्डसारख्या आलिशान गाड्यांत ती पहिल्यांदा दिसली. आज कमी किमतीच्या बऱ्याच गाड्यांतसुद्धा पुढच्या काचांना फिरवायचं हँडल दिसत नाही.

हँडल गेलं, त्याच्याबरोबर आणखी काय गेलं हे मुंबईने पाहिलंय. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या पाण्यात काही माणसं स्वतःच्या बंद गाड्यांत अडकून गेली. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेतही गेले नसाल. त्यानंतर कित्येक महिने घराघरांत सेंट्रल लॉक आणि पॉवर विंडो यांच्यावर बोलणं चाललं होतं, लोक गाडीत हातोडी ठेवायला लागले होते. काच वेळेवर उघडणं ही चैन नाही, एवढंच मला त्यातून सांगायचंय. आणि जी वस्तू जिवाशी आहे तिच्या दुरुस्तीसाठी लाखाचं इस्टिमेट दिलं की माणूस काय करतो? दुरुस्ती लांबणीवर टाकतो. काच अर्धवट अडकलेल्या, कायमच्या बंद राहिलेल्या किती गाड्या आपल्या रस्त्यावर फिरतात, तुम्हीच आठवून पाहा.

कंपन्यांचं एक म्हणणं मात्र मला प्रामाणिकपणे ऐकून घ्यायचंय. त्या म्हणतात, सुरक्षितता. अडथळा लागला की मागे फिरणारी काच लेकरांचे प्राण वाचवते. ती चुकीच्या हातात गेली, चुकीची शिकवली, तर एखाद्याची मान अडकेल. हे खरं आहे. पॉवर विंडोत मान अडकून लहान मुलं दगावली आहेत. मला कोणी ‘उस्तादला सगळं मोकळं सोडा’ म्हणाला तर मी त्याच्या बाजूला उभा राहणार नाही. पण ह्याच युक्तिवादाचा पुढचा भाग कंपन्या सांगत नाहीत. जर काच नीट शिकवणं इतकं जिवावरचं असेल, तर ते शिकवायची पद्धत जास्तीत जास्त लोकांना माहीत असायला हवी, की कमीत कमी? सर्व्हिस सेंटर शेकडो किलोमीटरवर, उस्ताद दहा मिनिटांवर. गाडी शिकवणीशिवाय गावात फिरणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती असुरक्षित ठेवली कोणी? उस्तादने त्याच्याकडून शक्य ते सगळं केलं होतं. शेवटची पायरी ज्याने कुलपात ठेवली, त्याने सुरक्षिततेचं नाव घेऊ नये.

आणि हे मी पहिला म्हणत नाही. शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. सुरुवातीला तीन कार कंपन्यांविरुद्ध. मग आयोगाने जाळं मोठं केलं. २५ ऑगस्ट २०१४ ला निकाल आला. टाटा, मारुती, महिंद्रा, होंडा, टोयोटा, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू धरून १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६४ लाख रुपये दंड. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तुम्ही सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाही, दोष शोधायची साधनं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना देत नाही, आणि बाहेर काम केलं की सरसकट वॉरंटी रद्द अशी धमकी देता. हे सगळं थांबवा. बाहेरच्या दुरुस्तीमुळे प्रत्यक्ष जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल.

वाचलंत? दहा वर्षांहून जुना आदेश आहे. सर्व्हिस सेंटरचा गोड आवाज आजही तेच वाक्य म्हणतो जे २०१४ मध्ये चूक ठरलं होतं. पुढे काय झालं म्हणाल, तर अपिलं झाली. काही कंपन्या न्यायाधिकरणात गेल्या, काही उच्च न्यायालयात. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या प्रकरणात दोष कायम ठेवला, पण दंडाचा हिशोब बराच खाली आणला. दंडाच्या रकमेवर वकील भांडत राहिले, आणि साधनं नि माहिती मोकळी करा हा जो आपल्या कामाचा भाग होता, तो शहाद्याच्या गॅरेजपर्यंत काही पोचला नाही.

मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं. २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, पोर्टल उघडलं. पोर्टल! आमच्या देशात कुलूप लागलं की सरकार पोर्टल उघडतं. त्यावर कंपन्या आपण होऊन आपल्या सर्व्हिस सेंटरचे पत्ते, नियम आणि माहिती देणार. म्हणजे ज्याने चावी लपवली त्यालाच विनंती, की बाबा, चावी कुठे ठेवलीस ते जमलं तर लिही. सक्ती करणारा कायदा अजून नाही. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी थेट कौल देऊन बाहेरच्या गॅरेजना कंपनीइतकीच माहिती मिळेल असा कायदा करायला लावला. आठ वर्षांनी, गाड्या वायरलेस माहिती पाठवायला लागल्या तेव्हा, त्यांनी पुन्हा मतदान करून ती पळवाटही बुजवायला घेतली. कंपन्या कोर्टात गेल्याच, पण लोकांनी प्रश्न मतपेटीत नेला. आपल्याकडे मतपेटीत हा प्रश्न जाईल असं तुम्हाला वाटतं?

मला तरी वाटत नाही, आणि त्याचं कारण कंपन्यांपेक्षा आपल्यात आहे. आपल्याला ‘जुगाड’ ह्या शब्दाचं फार वेड लागलंय. नायलॉनच्या तुकड्याचा व्हिडिओ मी टाकला असता तर ‘भारतीय डोकं’ म्हणून लाखांनी बघितला असता. मला ते कौतुक नकोय. उस्तादने जे केलं त्यात जुगाड कुठेच नाही. लक्षणं ऐकली, शक्यता मांडल्या, एकेक कापत गेला, उरली ती तपासली, मापात भाग करून बसवला. ह्याला आम्ही प्रयोगवहीत वैज्ञानिक पद्धत म्हणतो आणि दहा मार्क देतो. उलट सर्व्हिस सेंटरमध्ये एसी हॉलमध्ये बसून व्हिडिओ बघून आख्खं मोड्यूल बदला म्हणणारा माणूस कसलीही चिकित्सा करत नव्हता. तो फक्त भाग विकत होता. त्याच्याकडेही दोष शोधायची बुद्धी असेल, त्याला ती वापरायची मुभा नाही. कडक इस्त्रीचा टी-शर्ट मात्र आहे, आणि आपल्याला तो टी-शर्ट पाहिला की हायसं वाटतं. ‘ऑथराइज्ड’ हा शब्द आपण देवळातल्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतो. उस्तादशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो आणि तिथे एक लाखाच्या इस्टिमेटवर ‘ओके सर’ लिहितो.

आणि जुगाडाचं कौतुक करण्यात आणखी एक धोका आहे. वायरिंगचा नकाशा मिळाला असता, सुटा तुकडा अडीचशे रुपयांत बाजारात असता, नोंद पुसायचं साधन कोणत्याही गॅरेजने फी भरून वापरता आलं असतं, तर उस्तादला लेथवर जायची गरजच पडली नसती. जुगाड करावा लागतो तिथे कोणीतरी काहीतरी अडवून धरलेलं असतं. अडवणाऱ्याला सोडून अडलेल्याच्या हुशारीवर टाळ्या वाजवणं, हे फार सोयीचं आहे. अडवणाऱ्याच्या सोयीचं.

मला काय हवंय तेही सांगतो, नाहीतर नुसता राग वाटायचा. अंगठ्याएवढा तुकडा तुटला तर अंगठ्याएवढा तुकडा विकत मिळाला पाहिजे. दाराचं पोट विकत घ्यायला लावू नका. प्रत्येक गाडीचे वायरिंगचे नकाशे माफक दरात, कोणालाही, आणि शक्य तर भारतीय भाषांत. काच, कुलूप, सीट यांचे दोषही इंजिनसारखेच साध्या स्कॅनरवर दिसले पाहिजेत. आणि शिकवणीची शेवटची पायरी गाडीच्या मालकाला स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या जबाबदारीवर करता आली पाहिजे. नोंद ठेवा, कोणी केली ते लिहून ठेवा, चूक झाली तर त्याला धरा. पण कुलूप काढा. आयटीआयमध्ये आमची पोरं मोटर मेकॅनिकचा ट्रेड करतात, त्यांच्या हातात हे स्कॅनर आत्ताच आले नाहीत तर पास होऊन ती टायर बदलतील आणि टी-शर्टवाल्या हॉलमध्ये गाड्या पुसतील.

पुतण्या लग्नानंतर पुण्याला गेला. जाताना दर वेळी दार उघडण्याआधी बटनाने काच दोन बोटं खाली घ्यायची, हे त्याने स्वतःला शिकवलं. गाडीला शिकवता येईना म्हणून माणूस शिकला. पुण्यात तो सर्व्हिस सेंटरला गेला आणि म्हणाला, फक्त नोंद पुसून काच शिकवा, जे होतील ते पैसे घ्या. त्यांनी दार उघडून नायलॉनचा तुकडा पाहिला आणि नकार दिला. बाहेरचा भाग आहे, आम्ही हात लावणार नाही; मोड्यूल बदला, मग सगळं करून देऊ. त्याने त्यांच्या टेबलावर २०१४ च्या आदेशाची प्रिंट ठेवली. समोरच्या पोराने ती नीट वाचली, मॅनेजरला दाखवायला आत नेली आणि बाहेर येऊन सांगितलं, ‘सर, सिस्टिम अलाऊ करत नाही.’

आता त्याने ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पहिली तारीख पडलीय. उस्तादचा जबाब लागेल म्हणतात, म्हणून परवा मी शहाद्याला गेलो होतो. तो एका ट्रॅक्टरखाली पडला होता. तारखेचं सांगितल्यावर तिथूनच म्हणाला, येतो, पण पपईची तोडणी संपल्यावर. आत्ता पिकअपवाले जाऊ देणार नाहीत. दुसरा नायलॉनचा तुकडा त्याने मला दिला, पुरावा म्हणून. तो माझ्या शर्टाच्या खिशात आहे.